वाऱ्याचा रकाना

आमच्या गल्लीतल्या क्लाइव्ह टॅप्सेलबद्दल लिहायचं तर आधी एक कबूल करायला हवं. मला तो माणूस आवडत नाही. पापनिवेदनाच्या वेळी फादर ऑस्विनना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा. करते. बिनसाखरेचा चहा घशाखाली ढकलावा तशी करते.

क्लाइव्हने अडतीस वर्षं डोव्हर बंदरात गाड्या जहाजात चढवल्या. म्हणजे चढवायचे गाडीवालेच. हा पिवळं जाकीट घालून हात हलवायचा. याने हात वर केला की लोक थांबत, खाली केला की निघत. निवृत्त झाल्यावर त्या हाताकडे बघायला कुणी उरलं नाही. घरात बायको डोरीन होती, पण ती आमच्या चर्चची वेदीवस्त्रं शिवण्यात मान खाली घालून बसलेली. वर्षातून दोनदा तो पलीकडे फ्रान्सला जाऊन दारूची खोकी आणायचा. फ्रेंच दारू त्याला चालायची, फ्रेंच माणूस चालायचा नाही.

मग पलीकडून आसरा मागणाऱ्या माणसांनी भरलेल्या रबरी होड्या यायला लागल्या आणि क्लाइव्हला पुन्हा काम मिळालं. रोज सकाळी तो कड्यावरच्या बाकावर जाऊन बसायचा. सोबत दुर्बीण, थर्मास, चीज आणि लोणच्याचं सँडविच. होड्या मोजायच्या आणि तारखेसमोर आकडा लिहायचा. दुसऱ्या रकान्यात त्या दिवशी लंडनला सरकार काय बोललं ते. त्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: हा जो युरोपचा मानवी हक्कांचा करार आहे, त्यातून आपण बाहेर पडलो की आलेल्यांना परत पाठवता येईल, आणि दुसऱ्या दिवशी होड्या बंद. खाटकाच्या दुकानात, दवाखान्यात, एकदा तर एका अंत्ययात्रेत, शवपेटी खाली उतरत असताना, त्याने हे सांगितलेलं मी ऐकलंय.

हिवाळ्यात एकदा तो आमच्या मागच्या दाराशी आला. माझ्या रोजच्या वहीत वाऱ्याची नोंद असते हे त्याला डोरीनने सांगितलं होतं. त्यात शास्त्र काही नाही. चार जणांचे कपडे बाहेर वाळत घालायचे तर वारा बघावाच लागतो, म्हणून बायबलचा त्या दिवसाचा उतारा आणि जेवणाला काय केलं याच्याखाली मी लिहिते: ‘ईशान्येचा, चादरी फाटतील असा’, ‘वारा नाही, चादरी लुळ्या’. तीन महिन्यांच्या नोंदी त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून उतरवून घेतल्या. तिसरा रकाना आखला. माझा केक खाल्ला, आणि कोरडा आहे म्हणाला.

उतरवता उतरवता त्याचं पेन मंदावत गेलं. मी भांडी घासत होते, तरी मला दिसत होतं. चादरी लुळ्या असल्या की होड्या. चादरी उडाल्या की एकही नाही. लंडनला कुणी काही बोलो, कायदा होवो की कायदा पडो, तेच. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच. शेवटी तो म्हणाला, “योगायोग असतो असा,” आणि टोपी घालून निघून गेला.

मार्चमध्ये कुणा मंत्र्याने जाहीर केलं की सरकार करार सोडण्याचा विचार करतंय. त्यानंतर अकरा दिवस एकही होडी आली नाही. क्लाइव्हच्या पायाला चाकं लागली. नुसता विचार केला तर अकरा दिवस, सोडला तर कायमच्या बंद, असा हिशोब. त्याच अकरा दिवसांत बंदर दोनदा बंद पडलं होतं आणि खुद्द त्याचं कुंपण उडून आमच्या कोबीवर येऊन पडलं होतं. ते उचलायला तो स्वतः आला होता.

त्याच सुमाराला नगर परिषदेची निवडणूक आली. करार सोडा म्हणणाऱ्या पक्षाने चर्चच्या हॉलमध्ये सभा बोलावली. आमच्या भागाचा उमेदवार तिथेच हात वर करून ठरणार होता. क्लाइव्हला ती उमेदवारी हवी होती. किती हवी होती ते डोरीनने मला सांगितलं: महिनाभर तो आरशासमोर उभा राहून ‘कौन्सिलर टॅप्सेल’ म्हणून स्वतःची ओळख करून देत होता. विरुद्ध होता एक घरांचा दलाल. त्याच्याकडे चांगला सूट होता, पण तक्ता नव्हता.

क्लाइव्हचा तक्ता भिंतीवर टांगला होता, मोठ्या अक्षरात. तारीख, होड्या, सरकार काय म्हणालं. मी चहाच्या टेबलामागून बघत होते. कागदाची उजवी कड सरळ नव्हती. बारीक दात्यादात्यांची होती. ती कात्री आम्हा सगळ्या बायकांच्या ओळखीची आहे. कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून डोरीन तिने वेदीवस्त्रांच्या कडा कापते. मी डोरीनकडे बघितलं. ती बिस्किटं मांडत होती, एकावर एक, पडतील इतकी उंच.

भाषण जोरात झालं. मग वॉल्टर हॉगबेन उठले. तीस वर्षं आमच्या जीवरक्षक नौकेचं सुकाणू त्यांच्या हातात होतं. त्यांना बोलायची सवय नाही. ते म्हणाले, “क्लाइव्ह, मी त्या होड्यांतून माणसं ओढून काढलीत. डोव्हर किती लांब आहे विचारतात, आईला फोन लावून द्या म्हणतात. कराराचं नाव अजून एकानेही काढलेलं नाही. आणि परत पाठवायचं म्हणतोस, तर ज्या देशाच्या दारात नेऊन सोडणार त्याने दार उघडायला नको? ते राहू दे. मला एवढंच सांग, त्या अकरा दिवसांत वारा कुठला होता?”

क्लाइव्हने तक्त्याकडे बघितलं, मग त्या दातेरी कडेकडे, मग माझ्याकडे. खरं सांगायला त्याला एक शब्द पुरला असता.

“वाऱ्याची नोंद माझ्याकडे नाही,” तो म्हणाला.

मागून कुणीतरी विचारलं, वॉल्टर आता वेधशाळेत नोकरीला लागले का? लोक हसले. वॉल्टर खाली बसले. माझ्या हातात किटली होती. ती ठेवून मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. तेही मी नंतर फादरना सांगितलं. हात वर झाले आणि क्लाइव्ह निवडला गेला.

कप विसळताना तो आत आला, तेव्हा मात्र मी विचारलं, वाऱ्याचा रकाना का कापला? तो जराही लाजला नाही. उलट समजूत घातल्यासारखं बोलला. “विनिफ्रेड, तीन रकाने झाले की लोक जांभया देतात. आणि वाऱ्याला मत देता येत नाही.”

तोवर मी त्याला मूर्ख समजत होते, आणि मूर्खाची कीव करायला आम्हाला शिकवलंय. पण बरोबर उत्तर या माणसाच्या हातात होतं, त्याच्याच अक्षरात लिहिलेलं. ते त्याने बायकोच्या कात्रीने कापलं. त्याची कीव कशी करायची ते कुठल्याच पुस्तकात मला सापडलेलं नाही.

मेमध्ये तो निवडून आला. त्याच आठवड्यात समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत झाला, आणि एका सकाळी चार होड्या आल्या. डोरीन आणि मी तिच्या स्वयंपाकघरात, किनाऱ्यावर उतरलेल्यांना द्यायला कोरडे मोजे पिशवीत भरत होतो. क्लाइव्ह टेबलाशी बसून परिषदेकडे आलेले अर्ज वाचत होता. डोरीनने न बघताच विचारलं, “आज मोजायला गेला नाहीस?”

“आता मोजून काय करायचंय?” तो म्हणाला. “करार अजून सोडलेला नाही, म्हणून येतात. सोपं आहे.”

“आणि सोडल्यावर आल्या तर?”

त्याने पान उलटलं. “तोपर्यंत दुसरं काहीतरी सोडायला असेलच.”

डोरीनने पिशवीची गाठ बांधली आणि आम्ही निघालो. त्या करारावर आमच्या नगर परिषदेचा जेवढा अधिकार, तेवढाच माझ्या मांजरीचा. त्या दुपारी परिषदेची पहिली बैठक झाली. कौन्सिलर टॅप्सेल यांनी हात वर केला, आणि किनाऱ्यावरचा सार्वजनिक संडास संध्याकाळी पाचला बंद करायचं ठरलं.