कुठं बोचते?

बातमी मला कुणी दिली नाही, मीच ती सगळ्यांना द्यायची होती. सकाळचा चहा गाळून मी माझ्या धाकट्या बहिणीच्या, रत्नमालाच्या, पलंगाशी गेले, तर श्वास थांबलेला होता. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभी हयात काढलेली बाई मी. नाडी पाहायची गरज नव्हती, तरी पाहिली. पुन्हा पाहिली. मग कोंढ्याला भावाला फोन केला आणि त्यानंतर ती जिथे शिकवायची त्या शाळेत. मुख्याध्यापकांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "ताई... पोट्ट्यायनं काचेले रंग देला आहे. अजून वाळला नाई. उद्या घेऊन येणार होते ना मॅडमकडे..." मी फोन ठेवला आणि त्या न वाळलेल्या रंगासाठी पहिल्यांदा रडले. कुठली काच, कसला रंग, ते आता सविस्तर सांगायला हवं, कारण गेले काही आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

माला माझ्यापेक्षा बरीच लहान. आई लवकर गेली, म्हणून तिच्या वेण्या मी घातल्या, शाळेच्या पिशवीचे तुटलेले बंद मी शिवले. शिक्षिका झाली आणि पहिली नेमणूक देवरीकडच्या जंगलात मिळाली. पुढे गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावांबरोबर माणसंही वाटली गेली. आमची माला पलीकडच्या वाट्याला गेली. अर्ज करकरून ती भंडाऱ्याकडे आली तोवर तिच्या केसांत पांढरं दिसू लागलं होतं आणि माझे यजमान गेले होते. मग आम्ही दोघी अड्याळला माझ्या घरात राहू लागलो. तिनं लग्न केलं नाही. काहून नाही केलं, हे सगळ्या नातलगांनी मला विचारलं. तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही, कारण तिची जीभ तिखट होती. पुढे आजारानं पहिला घास घेतला तो त्याच जिभेचा.

भंडाऱ्याला शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. पुण्याकडची तरुण मुलं आली होती, रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवून 'डिझाइन थिंकिंग' शिकवत होती. संध्याकाळी माला घरी आली ती हसतच. "ताई, पाच पायऱ्या सांगतल्या त्यायनं. पहिली म्हणे, ज्याची अडचण हाय त्याच्या जागी जाऊन पाहा. बाकीच्या चार विसरली तरी चालते मले." मी म्हटलं, "हे तं आपली माय बी करत होती, चिठ्ठ्या न चिकटवता. कायले गेली एवढ्या दूर?" ती म्हणाली, "माय करत होती, पण पोट्ट्यायले शिकवत कोण होतं?" मी तिला भाजी निवडायला बसवलं.

तिच्या सातवीच्या मुलांनी पहिला हात घातला तो सुभद्राबाईच्या टोपलीला. सुभद्राबाई ढिवर समाजाची. शाळेच्या गावच्या तलावातली मासोळी डोक्यावर घेऊन अड्याळच्या बाजाराला पायी यायची. टोपलीतलं पाणी मानेवरून पाठीवर गळतं, लुगडं भिजतं, हे मुलांनी पाहिलं आणि तेलाचा डबा कापून टोपलीखाली बसेल असं पसरट ताट ठोकून दिलं. सुभद्राबाई म्हणाली, "लय छान बनवलं व माय माह्या लेकरायनं!" काही दिवसांनी माला तिच्या घरी गेली, तर त्या ताटात कोंबडी अंड्यांवर बसलेली. दुसरी एखादी शिक्षिका खट्टू झाली असती. मालानं पुढच्या बाजाराच्या दिवशी सगळा वर्ग सुभद्राबाईबरोबर चालवला, आळीपाळीनं ओझं डोक्यावर देऊन. अर्ध्या वाटेत मुलांनी मुंड्या टाकल्या, तेव्हा कुठे सुभद्राबाई खरं बोलली. "पाण्याचं काय घेऊन बसले गा? पाणी तं सवयीचं हाय. पण वाटेत टोपली खाली ठेवली, तं मंग डोक्यावर उचलून कोण देते? म्हणून मी ठेवतच नाई." इतकी वर्षं ती बाई वाटेत एकदाही टेकली नव्हती. मग मुलांनी रस्त्याच्या वळणावर बांबूचा खांद्याएवढा उंच माचा बांधला. टोपली त्यावर सरकवायची, दम खायचा, आणि पुन्हा डोकं खाली घालून एकटीनं घेऊन जायची. पावसाळ्यात तो मोडला, तो त्यांनी पुन्हा बांधला.

त्या दिवसापासून वर्गात 'छान' या शब्दावर बंदी आली. माला म्हणायची, छान म्हणणारा माणूस आपल्यावर माया करतो, पण मदत करत नाही. कुणी काही बनवून आणलं की एकच विचारायचं, कुठं बोचते? आणि समोरच्यानं भीड न ठेवता सांगायचं. हे खूळ घरातही शिरलं. भाकर कशी झाली विचारलं तर म्हणायची, "डाव्या अंगानं बोचते." मी लाटणं उगारायची. आज वाटतं, तिनं अजून हजार भाकरींना नावं ठेवावीत...

मग तिची जीभ अडखळायला लागली, पाठोपाठ हातून खडू पडायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. एकेक स्नायू बंद पडत जाणार, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहणार, आणि औषध नाही. मी त्यांच्याशी भांडले. औषध नाही म्हणजे काय? दिघोरीकडे मुळ्या देणारा एक माणूस आहे असं कुणी सांगितलं, तर त्याच्याकडेही गेले. जन्मभर लोकांना अशा माणसांपासून परत फिरवणारी मी, त्याच्या ओसरीवर हात जोडून बसले. माला मुळीचा काढा निमूट प्यायली, माझं तोंड पाहून.

तिची मुलं मात्र कामाला लागली. बोटं वळेनात तेव्हा त्यांनी चमच्याच्या दांड्याला सायकलच्या मुठीचं रबर चढवून आणलं. "कुठं बोचते, मॅडम?" मालानं जड जिभेनं सांगितलं की लांब आहे, नाकाला लागते. त्यांनी कापून आणला, तोवर हात उचलेनासा झाला होता. मग पायाने वाजवायची घंटा आली. ती जमली, थोडे दिवस चालली, आणि पाय गेला. चित्रांचा पुठ्ठा आला, तोवर दाखवायला बोट उरलं नव्हतं. मुलं धावत होती आणि आजार प्रत्येक वेळी त्यांच्या एक पाऊल पुढे. मला वाटायचं ओरडावं, नका रे आणू आता काही! पण ती शाळा सुटल्यावर सायकली हाकत यायची आणि मालाच्या डोळ्यांत जीव यायचा.

शेवटी डोळेच राहिले. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. असं म्हटलं की सोपं वाटतं. पण हो-नाही करायला आधी समोरच्यानं बरोबर प्रश्न विचारावा लागतो, आणि माणसाला काय हवं असेल याची यादी कुणाकडे असते?

एका दुपारी मी तिला आरामखुर्चीत बसवून खुर्ची पश्चिमेच्या खिडकीसमोर नेली. मुद्दाम नेली. तोंडावर उजेड असला की तिच्या पापण्या मला नीट दिसायच्या; माझीही नजर आता म्हातारी झाली आहे. संध्याकाळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मी विचारत गेले. तहान? कूस बदलू? डास? लघवी? कुठे दुखते का? भावाला बोलावू? पापण्या नुसत्या फडफडत होत्या, त्यात हो कुठलं आणि नाही कुठलं कळेना. मी जवळ वाकून कपाळावर हात ठेवला की ती निवायची, दूर झाले की पुन्हा धारा. माझे प्रश्न संपले. भरल्या घरात, लख्ख डोक्याची माझी बहीण काहीतरी मागत होती आणि मला ते कळत नव्हतं. असे हाल वैऱ्याचेही होऊ नयेत. अंधार पडत आला तशी ती आपोआप थांबली.

दुसऱ्या दिवशी मान खुर्चीत टिकेना, म्हणून तिला पलंगावर घेतलं. मी तिच्या डोळ्यांसमोर तोंड नेऊन विचारलं, "माला, काल तुले मी जवळ पाहिजे होती का व?" तिनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पापणी एकदा मिटली. हो. मी ते 'हो' पदराला बांधून घेतलं. तरी मन पुरतं निवलं नाही. हो म्हणायला तिनं फार वेळ लावला होता. तिच्या शब्दांत एकदा कळावं, त्या संध्याकाळी काय हवं होतं, एवढीच माझी मागणी उरली होती. देव मी मानत नाही, म्हणून ती कुणापाशी करावी तेही कळत नव्हतं.

आणि काच आली. सुभद्राबाईची नात पायल सातवीत आहे, डोकं तिचं. फोटोच्या जुन्या फ्रेमची मागची पाटी काढून मुलांनी नुसती काच ठेवली होती आणि तिच्यावर काना-मात्रा गाळून, रंगानं अक्षरं काढली होती. मॅडमच्या तोंडासमोर काच धरायची, आपण पलीकडून त्यांचे डोळे पाहायचे, नजर ज्या अक्षरावर थांबेल ते वाचायचं. मी पलंगाशी माझा प्रश्न तयार ठेवून उभी राहिले. पायलनं काच धरली आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "कुठं बोचते, मॅडम?" मालाची नजर फिरली, थांबली. पोरं ओरडली, "उ!" मग बऱ्याच वेळानं "ल!" मग "ट!" तिनं शब्द सांगितला म्हणून टाळ्या पडल्या. पायल मात्र काच दुसऱ्याच्या हाती देऊन पलंगाच्या मागे गेली, मॅडमच्या उशीला डोकं टेकवून काचेतून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगा बापा! आपल्याले सीधं दिसते, मॅडमले सारं उलटं दिसून राहिलं!" काच फिरवून धरली, तर आता वाचणारी मुलं अडखळायला लागली. मी म्हटलं, "उलटं तं उलटं, वाचन मी! आधी मले विचारू द्या..." पण माला दमली होती, डोळे मिटले होते. पायल म्हणाली, "दोनी अंगानं अक्षरं काढतो आजी. मधात पांढरा पट्टा मारून, म्हंजे पल्याडचं उलटं दिसत नाई. रंग वाळला का आणतोच." आणि काच घेऊन गेली. महिन्याभरानंतर माझ्या बहिणीला शब्द मिळाले होते, ते तिनं पोरांची चूक काढण्यात खर्च केले. मला त्या रात्री तिचा राग आला, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या सकाळचं तुम्हाला सांगितलंच आहे.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे आले. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली, कुणी कुणी बोललं. मी उठून त्या संध्याकाळची गोष्ट सांगितली. बोलता येत नव्हतं, तरी ती मला जवळ बोलावत होती. बायांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्यापाशी तेवढीच एक शिल्लक होती, ती मी सगळ्यांना दाखवत होते.

मागच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर पायल काच घेऊन आली, एकटीच. दोन्ही बाजूंनी सुलट, ठळक अक्षरं. मी म्हटलं, "आता कायले आणली व बाई?" ती म्हणाली, "मॅडमनं सांगतलं होतं, बनवलं का दाखवाच लागते. तुमी बसा आजी, मॅडमच्या जागी." तिचं मन मोडवेना. पलंग आम्ही काढून टाकला आहे. मालाची खुर्ची मात्र त्या दिवशी ठेवली तिथेच आहे, पश्चिमेच्या खिडकीसमोर. तिच्यात मी कधी बसले नव्हते. बसले, मान मागे टेकली. पायलनं काच समोर धरली आणि मी अक्षरांकडे पाहणार तोच खिडकीतून उतरतं ऊन थेट माझ्या डोळ्यांत घुसलं. डोळे गच्च मिटले, उघडले, पुन्हा मिटले. पापण्या फडफडायला लागल्या. पाणी वाहायला लागलं. पायल काय झालं म्हणून माझ्यावर वाकली, आणि तिच्या डोक्याची सावली पडली तसे डोळे निवले. ती मागे झाली, पुन्हा ऊन.

"कुठं बोचते, आजी?"

मला बोलता येत होतं. मी म्हटलं, "ऊन लागते व माय डोयात."

पोरगी खिडकीपाशी गेली आणि तिनं एक पल्ला लावला. बस, एवढंच.

हेच होतं का, हे आता कोण सांगणार? पण मला कळायचं ते कळलं. तिला मी नको होते, माझी सावली हवी होती. आणि दुसऱ्या दिवशी मी आशेनं विचारलं, तेव्हा तिनं माझं तोंड पाहिलं आणि हो म्हणाली, मुळीचा काढा प्यायली तशीच. जन्मभर कुणाला छान न म्हणणारी माझी बहीण मला एकदा छान म्हणून गेली. खरं सांगितलं असतं तर बरं झालं असतं की नाही, ते मला ठरवता येत नाही. काच मी पायलला परत दिली, वर्गात लावायला. खुर्ची हलवलेली नाही. रोज ऊन उतरायला लागलं की हातातलं काम टाकून उठते आणि तो पल्ला लावते. खुर्चीत कुणी नसतं, तरी लावते.