सबनीससाहेबांचा स्पीकर

सबनीससाहेब फोन कधी हातात घेत नसत. तळोज्याच्या आमच्या केमिकल कारखान्याचे ते मॅनेजर, आणि मी त्यांच्या केबिनबाहेरचा टायपिस्ट. नव्वदीच्या सुरुवातीला कारखान्यात नवी टेलिफोन यंत्रणा बसली. रिसेप्शनला ऑपरेटरचा बोर्ड आला, खात्याखात्यांत साधे फोन आले आणि साहेबांच्या टेबलावर स्पीकरवाला. रिसीव्हर उचलायचा नाही, बटण दाबायचं आणि खुर्चीत रेलून बोलायचं. आवाज कायम पूर्ण वर.

"हातात फोन धरतो तो कारकून," साहेब म्हणत. "साहेबाचे हात मोकळे पाहिजेत." मोकळे झालेले हात ते पोटावर ठेवत.

केबिनचं दार उघडंच असे. त्यामुळे साहेबांचं बद्धकोष्ठ, मेव्हण्याशी चाललेलं भांडण आणि "पापलेट आणा, कालच्यासारखं शिळं नको!" हा वहिनीसाहेबांचा हुकूम अकाउंट्सपर्यंत सगळ्यांना पाठ होता. कुणाला झापायचं असलं तरी स्पीकरवरच. "ऐकू दे की चार लोकांना!"

त्या यंत्रात एक खोड होती. इकडचा माणूस बोलू लागला की तिकडचा आवाज तुटायचा. आणि सबनीससाहेब बोलायचे थांबतच नसत.

हे त्यांना तोंडावर सांगणारी एकटी ऑपरेटर सुमन पाटील, तळवलीची. ती एकदा दारात येऊन म्हणाली, "साहेब, रिसीवर उचलत जावा. समोरच्याचं काय पन ऐकू येत नाय तुमाला."

"बाई, तुम्ही लाइन जोडा. अक्कल मी जोडतो."

एका दुपारी शेडमधून सुपरवायझर इब्राहिमभाईंचा फोन आला. मी डिक्टेशनसाठी समोरच बसलो होतो. "साहेब, अ‍ॅसिडच्या पाइपला..." एवढंच ऐकू आलं.

"पाइपचं रडगाणं नको!" साहेब सुरू झाले. "आज माल गेलाच पाहिजे. मागच्या आठवड्यातही तुम्ही..."

मध्येच "गळ..." आलं, "माणसं..." आलं, आणि तुटलं. साहेबांच्या परवानगीशिवाय धोक्याचा भोंगा वाजवायचा नाही, असा त्यांचाच नियम होता. इब्राहिमभाई परवानगी मागत होते आणि साहेब त्यांना शिस्त शिकवत होते. मला अर्थ कळला होता. मी पेन्सिल धरून बसून राहिलो.

खट्. लाइन गेली. बोर्डावर सगळं ऐकत बसलेल्या सुमनने साहेबांचा फोन तोडला होता. बाहेरून तिचा आवाज आला, "इब्राहिमभाई, भोंगा वाजवा! मानसं भायेर काढा आधी. साहेबांचं मी बगते."

भोंगा वाजला. आत काम करणारे चौघे बाहेर पळाले, आणि थोड्याच वेळात तो पाइप फुटून शेडभर धूर झाला. कुणाला ओरखडाही आला नाही.

हेड ऑफिसला रिपोर्ट गेला, की मॅनेजरने फोनवरून वेळीच आदेश दिल्यामुळे प्राणहानी टळली. सुमनला मेमो मिळाला, वरिष्ठांचा कॉल विनापरवानगी तोडल्याबद्दल. दोन्ही कागद मीच टाइप केले. मेमो वाचून तिने घडी घातली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "इंग्रजी चांगलं हाय तुमचं." तिची बढती अडली. साहेब बढतीवर हेड ऑफिसला गेले.

पाच-सहा वर्षांनी सीवूड्सच्या बाजारात साहेब भेटले. निवृत्त झालेले, सोबत वहिनी. मी नमस्कार केला, तर ते भलत्याच दिशेला बघून हसले. वहिनी हळूच म्हणाल्या, "यांना कारखान्यात असल्यापासूनच कमी ऐकू येतं हो. स्पीकर मोठा केला की कसंबसं भागायचं. नोकरी जाईल म्हणून सांगितलं नाही कुणाला."

म्हणजे समोरच्याचं ऐकू येत नाही हे झाकायला हा माणूस अखंड बोलत होता. मला त्यांची कीव आली. तेवढ्यात साहेबांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. "आठवतंय ना? त्या दिवशी मी भोंग्याची ऑर्डर दिली नसती, तर चार माणसं गेली असती!"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा त्यावर विश्वास बसला होता, माझाच रिपोर्ट वाचून.

मी त्यांच्या कानाजवळ गेलो आणि भर बाजारात ओरडलो, "साहेब, ऑर्डर सुमन पाटीलने दिली होती!"

"हो, हो," साहेब प्रसन्न हसले. "घेऊ या की चहा."

त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. वहिनींना गेलं. त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता साहेबांना म्हणाल्या, "चला, घरी जाऊ."