आईचा मोतीबिंदू आणि दादाच्या भाकऱ्या

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून वाशिंदच्या सायबर कॅफेत बसून हे लिहितेय.

आज आईला मुरबाडजवळच्या आमच्या गावाहून शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन वर्षं माझ्या भावाचं एकच पालुपद, "मोतीबिंदू पिकू दे गो अजून. कच्चा काढत नाय."

डॉक्टरांचं लक्ष आधी आईच्या बोटांकडे गेलं. सगळी भाजलेली. तवा नीट दिसत नाही, म्हणून ती चाचपून भाकरी उलटते.

"पिकायची वाट बघायचे दिवस गेले," डॉक्टर म्हणाले. "जास्त कडक झाला तर ऑपरेशन अवघड होतं. लगेच करा. नंतर महिनाभर चुलीपुढे बसायचं नाही."

सोबत आलेला दादा पटकन बोलला, "महिनाभर? मग भाकऱ्या कोण भाजणार?"

म्हणजे हे होतं तर! दवाखान्यातच त्याला झाडला. आई मात्र म्हणते, "भांडू नको गो, मला दिसतंय थोडं."

शनिवारी ऑपरेशन आहे. दादा, तोवर भाकरी थापायला शीक.

आणि मी तरी कोण मोठी? माहेरी गेल्या गेल्या "आई, तुझ्या हातची गरम भाकरी दे" म्हणणारी मीच. ते हात मी कधी पाहिलेच नाहीत. तुम्ही तुमच्या आईचे पाहिलेत?