बेचाळीस किलोचा स्टँड

माझ्या घराचं गेट उघडायला दोन माणसं लागतात. अकरा वर्षं झाली, मी आन् माझी बायको सुंदरबाई सकाळी दूध आणायला जोडीनं निघतो. गल्लीतल्या पोरीबाळींना वाटतं, काय प्रेम हाय म्हाताऱ्यांचं. प्रेम कसलं, गेट हाय. ते इलियास मिस्त्रीनं बनवलंय. वडवणीत बाजारतळाच्या मागं त्याचं वेल्डिंगचं दुकान, दुकानाला चिटकून त्याचं घर, आन् त्याच्या घराला चिटकून माझं. मी धर्मराज, एसटीत कंडक्टर होतो. तीस वर्षं लोकांना पुढं सरका, पुढं सरका म्हणत आलो. सगळे सरकले, हा एक गडी काही सरकला न्हाई.

इलियासचं म्हणणं एकच. जे हलतं ते मोडतं. म्हणून त्याच्या हातची वस्तू हलतच न्हाई. पोरगा झाला तेव्हा त्यानं पाळणा केला अँगलचा. बारशाला झोका द्यायला गेलो तर पाळणा जागचा हलंना, वरचं आढं कुरकुरलं. मग पोरगं सहा महिने बायकोच्या मांडीवर झोपलं आन् पाळण्यात ज्वारीची पोती ठेवली. आमच्या गल्लीत रीतच पडलीय आता. लोखंडाची वस्तू घ्यायची तर आधी काट्यावर ठेवायची, मग तिच्यावर हनुमान चढवायचा. हनुमान म्हणजे आडतीवरचा हमाल. भरला गडी, एकशे दहा किलो. तो चढला आन् वस्तू वाकली न्हाई तर ती घ्यायची. माझ्या गेटावर बी तो चढलता. त्याच्यासकट गेट उघडून बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा अक्कल कुठं होती.

आता ज्याच्यापायी हे सगळं घडलं ते सांगतो. इलियासची आई जैनबबी, आमची सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. अठ्ठ्याहत्तरीची हाय. गेल्या वर्षी खाटेवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, तवापासून अंथरुणाला लागली. इलियासला लई लागलं ते मनाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यानं खालाच्या खाटेला चारी बाजूंनी कंबरेइतका कठडा वेल्ड करून टाकला, त्याला बारकं दार, दाराला कडी. मी बघायला गेलतो. खाला कठड्यातून माझ्याकडं बघून म्हणली, "धर्मराज, मी म्हैस हाय का रे?" इलियास शेजारीच उभा होता, कडीला तेल घालत.

खालाची लेक इरम तिकडं सौदीत, जेद्द्याला असती. जावई मुस्तकीम तिथं गॅरेजात हाय. त्यानं येणाऱ्या माणसाच्या हाती एक टॅब धाडला, सासूला लेकीचं तोंड मोठं दिसावं म्हणून. रोज सकाळी अकराला इरमचा फोन. पण खालाच्या हाताला कंप. दोनदा टॅब नाकावर पडला, तिसऱ्यांदा चहात. म्हणून कुणीतरी तो धरून उभं राहायचं. कधी इलियास, कधी त्याची बायको खुशनुमा, कधी मी. आन् धरणारा माणूस काही गप बसत न्हाई. हात गुंतले की तोंड सुटतं. लेक आईला विचारायची, जेवलीस का, आन् उत्तर खुशनुमा द्यायची. एकदा मी धरला तर दिंद्रुडच्या गाडीची वेळ कशी बदलली ते मी इरमला सगळं सांगितलं. वीस मिनिटं. ती बिचारी हो हो म्हणत होती, आन् खाला वर पत्र्याकडं बघत पडली होती. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटती.

एक दिवस फोन ठेवल्यावर खाला म्हणली, "मला इरमशी एकटीला बोलायचंय."

खुशनुमा म्हणली, "बोला की अम्मी, आमी कुठं अडवतो?"

"एकटीला म्हणजे एकटीला. कुणी धरायचं न्हाई. धरणाऱ्याला कान असतात." आन् मग हळूच म्हणली, "किती दिवस ऱ्हायलेत माझे, कुणाला ठावं. एकदा पोटभर बोलू द्या."

इलियासचं तोंड पडलं. मी बघितलं ना. चोराच्या मनात चांदणं. पण तो एवढंच म्हणला, "ठीक हाय अम्मी. स्टँड आणतो."

मग आमी बीडला गेलो. आमी म्हणजे इलियास, मी आन् हनुमान. स्टँड घ्यायचा तर चढून कोण बघणार, म्हणून हनुमान. दुकानदार पोरगा रविराज, लई गोड बोलणारा. त्यानं एक स्टँड पुढं ठेवला. खाली ताटाएवढी गोल बैठक, वर बारीक नळी, नळीला वाकवावा तसा वाकणारा दांडा, टोकाला चाप. चापात टॅब अडकवायचा आन् बसून, निजून, कसं बी बघायचं.

"वजन किती?" इलियासनं विचारलं.

"एकदम हलका, काका. एका बोटानं उचलतो."

आता असल्या माणसाला हे सांगू ने. इलियासनं स्टँड एका बोटानं उचलला आन् माझ्याकडं असं बघितलं, जसं कुणी त्याला पातळ वरण वाढलंय. मग दांडा हलवला. दांडा हलला. "हलतोय हा," तो म्हणला.

"हलायलाच पाहिजे ना काका, ॲडजस्टेबल हाय."

"जे हलतं ते मोडतं."

"न्हाई मोडत, गॅरंटी हाय."

गॅरंटी म्हणल्याबरोबर इलियासनं मान हलवली आन् हनुमान पुढं झाला. त्यानं चप्पल काढली, सभ्य माणूस हाय तो, आन् एक पाय बैठकीवर ठेवून दुसरा उचलला. रविराजला काय चाललंय हे कळायच्या आत हनुमान खाली, स्टँड त्याच्याखाली आन् वर मोबाईलच्या कव्हरांची अख्खी भिंत. रविराजनं हनुमानावरची कव्हरं बाजूला सारली. मग त्यानं लई अदबीनं विचारलं, "काका, टॅब बघायचाय का मामांना वर बसवायचंय?"

इलियासला वाईट वाटलं. भरपाई म्हणून त्यानं तिथल्या तिथं दुकानाचं कुरकुरणारं शटर नीट करून दिलं. ते शटर आता दोघांबिगर वर जात न्हाई म्हणतात.

परतीच्या गाडीत तो म्हणला, "धर्मराजभाऊ, मीच बनवतो." मला माझं गेट दिसलं.

आठ दिवस दुकानात ठिणग्या उडत होत्या. बैठकीला ट्रॅक्टरच्या नांगराचा गोल तवा. त्यावर अडीच इंची पाईप. वरखाली करायला ट्रकचा ऑइलचा जॅक. आडव्या दांड्याला जीपचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, टोकाला टॅब धरायला शिकंजा, असा की त्यात कलिंगड ठेवलं तर त्याचा रस निघंल. आडतीच्या काट्यावर भरलं बेचाळीस किलो. हनुमान वर चढला, वर उभा राहून त्यानं तंबाखू मळली, स्टँड ढिम्म. इलियासचे डोळे पाणावले. सुंदरबाई मला म्हणली, "नाकापरीस मोती जड झाला म्हणायचा." तिला मी गप केलं, पण खरं तेच होतं.

आता हा घरात न्यायचा. दारातून जाईना. चौकट बी इलियासचीच, ती हलायचा सवालच न्हाई. मग छताचा एक पत्रा काढला आन् वरून दोरानं स्टँड खाली सोडला. खाला खाटेवर पडून बघत होती. वरून नांगराचा तवा खाली येतोय म्हणल्यावर तिनं कलमा पढायला घेतला. खुशनुमा तिचा हात धरून बसली.

अकराला इरमचा फोन आला. टॅब शिकंज्यात बसवला. बसला, खरं सांगायचं तर झकास बसला. पण जॅक जुना, ऑइल गळतं. दर दोन मिनिटांनी दांडा आपसूक खाली यायचा आन् इरमचं तोंड खालाच्या नाकाला टेकायचं. म्हणून हनुमान जॅक मारत उभा. पाट्याला उसळी होती, म्हणून मी दांडा दाबून उभा. पावसाचं आभाळ होतं, म्हणून वर एक माणूस पत्रा धरून. आन् इलियास मधी उभा राहून, "थोडं वर, थोडं खाली, धर्मराजभाऊ हलू नका," असं सांगत होता. आधी टॅब धरायला एक माणूस लागायचा. आता हात मोकळे करायचं यंत्र आलं, तर चार लागले.

इरमनं जेद्द्याहून विचारलं, "अम्मी, घरात कुणाचं लग्न हाय का?"

फोन संपला, आमी घाम पुसत होतो, तेव्हा खाला इलियासला एवढंच म्हणली, "हात मोकळे झाले बेटा. आता माणसं मोकळी कर."

त्या दिवशी त्याला जेवण गेलं न्हाई. मी त्याला चहाला नेलं आन् मला राग आवरंना. मी म्हणलो, "तू मुद्दाम केलंस बे हे. कुणीतरी खोलीत ऱ्हावं म्हणून. आई काय बोलती ते तुला ऐकायचंय."

तो कपातल्या सायीकडं बघत बसला. मग म्हणला, "ती माझी तक्रार करणार हाय, धर्मराजभाऊ. कठड्याची. म्हणणार, पोरानं मला जनावरासारखं कोंडलं." त्यानं कप बाजूला सारला. "मी रातचा झोपत न्हवतो ओ. डोळा लागला की ती पडल्याचा आवाज यायचा कानात. कठडा केला तवा झोप लागली. तिला कोंडायला कशाला करंल मी?"

मला त्याचं लई वाईट वाटलं. पण मी काही बोललो न्हाई, कारण बोललो असतो तर उगं गोड बोललो असतो, आन् मला त्याचा अजून राग होता.

दुसऱ्या दिवशी तो बीडला गेला. एकटा. हनुमानाला बी सांगितलं न्हाई. मी एसटी स्टँडवर उभा होतो, मला सवय हाय गाड्या बघायची. गाडीतून इलियास उतरला, काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं, चोरासारखा इकडंतिकडं बघत. मी विचारलं, "काय हाय?" तो म्हणला, "तेच." मग म्हणला, "त्या पोरानं आधी विचारलं, ते मामा संग हायत का. न्हाई म्हणल्यावर मग आत घेतलं मला."

खुशनुमानं स्टँड एका बोटानं उचलून खाटेपाशी ठेवला. इलियासनं तिकडं बघितलंच न्हाई. पंख्याच्या वाऱ्यानं पडू ने म्हणून बैठकीवर मात्र पाच किलोचं माप ठेवलं, तेवढ्यानं त्याच्या जिवाला बरं वाटलं. दांडा वाकवला, चापात टॅब अडकवला, टॅब खालाच्या तोंडासमोर थांबला. हलत होता थोडा. पण थांबला.

अकराला घंटी वाजली. खालानं कंप असलेल्या बोटानं तिसऱ्या खेपेला फोन उचलला आन् म्हणली, "आता निघा समदे. धर्मराज, तू बी."

इलियासनं दार ओढून घेतलं. आमी अंगणात उभे राहिलो. इलियास, खुशनुमा, मी, आन् बेचाळीस किलोचा स्टँड, जो परत वरून काढून तिथं आणून ठेवलता. हळूहळू कुंपणावरून गल्ली बी जमली. हनुमान काम सोडून आला. चांगले दहापंधरा लोक, आन् कुणाच्या तोंडातून चकार शब्द न्हाई.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आली न्हवती. खालाला कमी ऐकू येतं. कमी ऐकू येणारा माणूस हळू बोलत न्हाई. आतून आवाज आला, अख्ख्या बाजारतळाला जाईल असा.

"इरम. बेटा. तुझा भाऊ..."

सगळे कुंपणावर वाकले. मी सरळ दाराकडं सरकलो, खोटं कशाला बोलू. आन् तेवढ्यात माझ्या मागं कानठळ्या बसल्या. इलियासनं ग्राइंडर चालू केलता. समोर बेचाळीस किलोचा स्टँड आडवा पाडून त्यावर चाक टेकवलं होतं आन् ठिणग्यांचा पाऊस पडत होता. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, "पुढचं ऐकू दे की बे." त्यानं मान हलवली, न्हाई म्हणून. डोळ्याला चष्मा लावला न्हवता. पाणी ठिणग्यांनी आलं का कशानं, ते मी विचारलं न्हाई.

पाऊण तास चालला ग्राइंडर. गल्लीला काही मिळालं न्हाई, मला न्हाई, त्याला बी न्हाई. हनुमान कंटाळून आडतीवर गेला. आत खुशनुमानं जाऊन बघितलं तर फोन संपलेला, आन् खाला गालावर हात ठेवून शांत निजलेली.

संध्याकाळी इलियास ग्राइंडर घेऊन खालापुढं उभा राहिला. मी दारातच होतो. तो म्हणला, "अम्मी, हा कठडा कापून टाकतो."

खाला म्हणली, "कावून? राहू दे. रातचं कूस बदलताना धरायला बरा पडतो." मग म्हणली, "कडी तेवढी काढ."

त्यानं कडी काढली. तक्रार ती न्हवतीच मग. काय होती, तुझा भाऊ काय, हे त्यानं आजवर विचारलं न्हाई. इरमला बी न्हाई. मी असतो तर विचारलं असतं.

आता रोज अकराला आमच्या गल्लीत ग्राइंडर सुरू होतो. लाईट गेली तर इलियास घण घेऊन बसतो. नव्या माणसाला वाटतं, काय धंदा जोरात हाय. धंदा कसला, त्या एकाच स्टँडावर चाललंय. आधी तवा गेला, मग पाईपाचं कवच, परवा कमानपाटा सुरीसारखा झालता. मागल्या आठवड्यात हनुमाननं सवयीनं काट्यावर ठेवला. नऊ किलो भरला.

मी इलियासला विचारलं, "महिन्याभरात हा संपल. मग काय घासशील?"

त्यानं चष्मा वर केला, कुंपणावरून माझ्याकडं बघितलं आन् म्हणला, "तुमचं गेट हाय की, भाऊ."

घरी येऊन मी सुंदरबाईला सांगितलं. ती म्हणली, खालाला अल्ला लई आयुष्य देवो, गेट लई जड हाय.