विमानाचं शेपूट

माणिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गच्चीवर टाकीच्या झाकणाशी झटत होतो. झाकण त्यानेच ओतून दिलेलं, दोन माणसांशिवाय हलत नाही असं. त्याचा मुलगा प्रकाश एवढंच म्हणाला, "काका, अण्णा गेले." मी त्या झाकणावरच बसून राहिलो...

भोकरजवळ माणिकचं काँक्रीटचं आवार होतं. विहिरीच्या कड्या, कुंपणाच्या फळ्या, पाइप असं सगळं साच्यात ओतायचा आणि गावोगाव नेऊन जोडून द्यायचा. ओल्या काँक्रीटवर, आतल्या अंगाने, माप घेणाऱ्याचं नाव खिळ्याने कोरायची त्याची पद्धत. "नाव पडलं की माणूस नीट मोजतो, गुरुजी," म्हणायचा. मी गणिताचा मास्तर, त्यामुळे मापाला मला हक्काने ओढून न्यायचा, आणि जेवण मात्र माझ्याच डब्यातलं खायचा.

लातूरकडे विमान उडवायला शिकवणारी एक छोटी संस्था आहे. उन्हाळ्याच्या वावटळीत त्यांच्या शेडचा पत्रा उडाला आणि विमानाचा पंख खरचटला. तिथल्या मुख्य शिक्षिका, सगळ्यांच्या कॅप्टन मॅडम, नव्या शेडच्या विचारात होत्या. माणिकने त्यांच्यापुढे बैठकच मारली. "पत्रा तापतो, वाजतो, उडतो. काँक्रीट जळत न्हाई, गंजत न्हाई, आत गारवा ऱ्हातो. अन् ओतकाम सगळं भोकरात. तुमच्या हितं नुसती जोडणी, उडणं लई दिवस बंद ठेवायचं काम न्हाई." आयुष्यात एकदाही विमानात न बसलेला हा माणूस विमानाच्या घराबद्दल असा बोलत होता, की मॅडम हसून हो म्हणाल्या.

माप मी घेतलं. पंखांची रुंदी, लांबी, नाकाची उंची, सगळं काटेकोर. शेपटाची उंची मात्र घेतलीच नाही. माझ्यासारख्या घरात चार म्हशी असलेल्या माणसाला शेपूट खालीच लोंबतं एवढं ठाऊक! जोडणी झाली, नारळ फुटला, पोरांनी विमान आत ढकललं आणि ताठ उभं शेपूट दारावरच्या तुळईला अडकलं.

"हे कुणी मोजलं?" मॅडमनी विचारलं. माणिकने मिशीवरून हात फिरवला. "मीच, मॅडम. म्हशींची सवय." त्याच्या घरी साधी शेळीसुद्धा नव्हती.

"मग आता पाडायचं?"

"पाडायचं कशाला? ओतलेलं न्हाई, जोडलेलं हाय."

पंधरा-वीस दिवसांत क्रेन आली. दारावरची तुळई नि तिच्यावरची फळी उतरली, खांबांवर नवे ठोकळे बसले, त्यांवर तुळई आणि वर आखूड फळी. विमान अलगद आत गेलं. पुढे गारपिटीत आसपासच्या गोदामांचे पत्रे उडाले, तेव्हा मॅडमनी मुद्दाम फोन करून कळवलं, "विमानावर ओरखडासुद्धा नाही." माणिकने ते भोकरच्या बाजारात प्रत्येकाला थांबवून सांगितलं. मी मात्र खरं कधीच बोललो नाही. लाज वाटत होती, आणि वर्षं गेली तशी वाढतच गेली.

गेल्या आठवड्यात प्रकाशने मला तिथे नेलं. दाराच्या वरची फट बुजवायची होती. त्याने शिडी लावली, आणि कोण जाणे काय वाटलं, गुडघे कुरकुरत असताना मीच वर चढलो. उजव्या ठोकळ्याच्या आतल्या अंगाला खिळ्याने कोरलेलं होतं, 'माप : गुरुजी'. दुसऱ्यावरही तेच. नवी उंची त्याने स्वतः तीनदा मोजली होती, मी शरमेने फिरकलोही नव्हतो. चूक त्याने स्वतःवर घेतली आणि बरोबर आलेलं माप माझ्या नावावर करून ठेवलं. त्या अक्षरांवरून हात फिरवताना मला रडू आलं...

"सर, काय लिहिलंय?" खालून मॅडमनी विचारलं.

"मॅडम, ते शेपूट मोजायचं मीच विसरलो होतो."

त्या हसल्या. "ठाऊक आहे. माणिकराव खोटं बोलले की मिशीला हात लावायचे."