धूळ कोणत्या बाजूनं येते

पत्रकं लिहून लिहून माझा हात बिघडला आहे, असं एका मित्रानं फोनवर सांगितलं तेव्हा मी तो फोन भिंतीवर मारणार होते. मारला नाही, कारण बोटानं काढलेलं चित्र त्याच फोनात होतं.

चित्र होतं सायकलवरच्या शाळकरी मुलीचं. आमच्याकडे लोहखनिजाचे ट्रक ज्या रस्त्यानं धावतात, त्याच रस्त्यानं आजूबाजूच्या गावांतल्या मुली शाळेत जातात. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी ट्रक थांबवा, एवढीच आमची मागणी. तीही मागावी लागते, ही शरमेची गोष्ट आहे. सोमवारी तहसीलवर जायचं होतं आणि चित्राचे फलक धरून मुलींनीच पुढं चालायचं होतं. आम्ही कार्यकर्ते तर तिथल्या शिपायालाही रोजचेच. मुली आल्या नाहीत तर निवेदन रद्दीत, हे मला पक्कं माहीत होतं.

पहिली प्रत घेऊन मी शाळेच्या सायकल स्टँडवर गेले. मुली गोळा झाल्या.

"हे कोन आहे, ताई?"

"तुम्हीच."

"आमी? हे तं भूत दिसते!"

हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मग एक उंच मुलगी, दहावीतली, हसू थांबवून म्हणाली, "आमी काय रडत जातो का शाळेत? हे मी नाई धरत." तिनं नाही म्हटल्यावर बाकीच्यांनीही माना हलवल्या.

मला राग आला. एवढे अश्रू मी बोट दुखेपर्यंत काढले होते.

तो फोनवरचा मित्र चंद्रपूरला कॉलेजात माझ्याबरोबर होता. आता नागपुरात मोबाइलवरच्या खेळांसाठी माणसं काढतो, म्हणजे बहुतेक तलवारवाल्या बायका. त्या कामाबद्दल माझं मत त्याला माहीत आहे, आणि तो मला 'लीडर' म्हणतो. चित्र पाठवलं, तर त्यानं त्यावर लाल रेघा मारून परत पाठवलं आणि लगेच फोन केला.

"लीडर, तुही एकेक रेघ ओरडून राह्यली. नाकाची रेघ जाड, चाकाची बी तेवढीच जाड. पाहनाऱ्यानं पाहाचं कुठी?"

"झेरॉक्समध्ये बारीक रेघ उडते."

"मंग झेरॉक्सवाल्याले दाखव, मले काऊन पाठवतं? अन् हा उजेड खालून काऊन येऊन राह्यला? रस्त्यात बल्ब गाडला का?"

मी फोन ठेवून दिला. पण चित्राकडे पाहत बसले. हनुवटी पांढरी, डोळ्यांच्या खोबणी काळ्या. हा चेहरा मी कुठून आणला ते मग लक्षात आलं. लहानपणापासून झाडीपट्टीची नाटकं पाहिली. धान निघालेल्या शेतात मंच, आम्ही पोरं सगळ्यात पुढं जमिनीवर, आणि मंचाच्या काठाला खाली लावलेले दिवे. दुःखी बाई म्हटली की माझ्या डोक्यात ती तशीच उभी राहते, खालून उजळलेली. त्यात मला काही वाईट वाटत नाही. पण शाळेच्या वेळी उजेड वरून येतो, त्याला मी काय करणार? चिडत चिडत सावलीचा अख्खा लेयर काढून टाकला. नाक बारीक केलं, अश्रू पुसले, सावली हनुवटीखाली नेली. "आता मानूस दिसते," एवढंच त्याचं उत्तर आलं.

मुली या वेळी हसल्या नाहीत, तेच मला खटकलं.

"चांगलं आहे," उंच मुलगी म्हणाली. "पन तोंड उघडं काऊन? त्या रस्त्यानं उघड्या तोंडानं कोन जाते?" आणि तिनं ओढणी डोक्यावरून घेऊन नाकावरून दोन वेढे मारले, मागं गाठ दिली. राहिले फक्त डोळे. मीही गाडीवर रोज अशीच बांधते. चित्र काढताना मात्र सुचलं नाही, कारण मला लोकांना दाखवायला चेहरा हवा होता.

तिच्या मागची मुलगी हळूच म्हणाली, "अन् ताई, उघड्या तोंडाचा फोटो पेपरात आला तं घरचे शाळा बंद करतीन."

अख्खं पत्रक माझ्या तोंडून बाहेर पडलं. लपायचं तुम्ही का? धूळ उडवणारे लपत नाहीत!

"लपून कोन राह्यलं?" उंच मुलगी ओढणीतूनच म्हणाली. "धूळ लागते ना, अन् घरचे बी आहेत. दोनी गोष्टी आहेत."

दोन्ही गोष्टी आहेत. पत्रकात मी एका वेळी एकच लिहिते.

घरी येऊन नवं कोरं पान उघडलं. चेहराच नाही तर काढायचं काय? खोडलं, काढलं, पुन्हा खोडलं. शेवटी मित्राला विचारलंच.

"कपड्याले रेघा कमी लागते," तो म्हणाला. "ताण जिथी, तिथी जाड. ढिल्लं जिथी, तिथी सोडून दे."

गाठीवर जाड. दप्तराचा पट्टा खांद्यात रुततो तिथं जाड. नाकाशी, जिथं श्वासानं कापड आत जातं, तिथं जवळजवळ काहीच नाही. मग मी ओढणीच्या उजव्या बाजूला लाल धूळ चढवली.

"हे शेडिंग नाई, हा डाग आहे," तो म्हणाला. "उन्हाची सावली तं डावीकडं पडून राह्यली. लोक गोंधळतीन."

"ट्रक उजवीकडून जातो. धूळ तिकडूनच येते. लोक रोज त्या रस्त्यानं जातात, गोंधळशील तू."

"कर मंग. पन कड नरम ठेव, नाईतं पट्टी चिकटवल्यावानी दिसन."

कडेबद्दल त्याचं बरोबर होतं.

सोमवारी मुली आल्या. सगळ्या तोंडं बांधून, फलक छातीशी धरून. एक वार्ताहर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, यांना तोंडं उघडायला सांगा ना, नाहीतर फोटोत काय येणार?" खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं अजून. मी काही बोलायच्या आत उंच मुलगी म्हणाली, "भाऊ, चित्राचा काढा ना फोटो. ते नाई म्हनत नाई."

तहसीलदार साहेब बाहेर आले. निवेदन घेतलं, चित्राकडे पाहिलं, बांधलेल्या तोंडांकडे पाहिलं. "पाहू," म्हणाले. मी आणखी काही विचारेपर्यंत ते आत गेले होते, आणि मुली सायकली काढत होत्या, कारण पुढचा तास गणिताचा होता.

उंच मुलीनं फलक कॅरियरला बांधला. तेव्हा मला दिसलं, चित्रात हँडलवरचा अंगठा चुकला होता, भलत्याच बाजूला वळला होता.

"तो दे इकडं," मी म्हटलं. "अंगठा चुकलाय. नीट करून आणते."

तिनं वाकून पाहिलं. "मांगून ट्रक आला अन् ब्रेक दाबला का असाच होते, ताई," म्हणाली, आणि ओढणी घट्ट करून निघाली.