तिसऱ्या दृश्यातले हात

माझ्या पत्नीला जाऊन सात महिने झाले होते, तेव्हा तिच्या संस्थेतली मुलगी हिवाळ्याच्या सीझनची यादी घेऊन घरी आली. मुलगी म्हणायची सवय आहे म्हणून म्हणतो. तिचं वय आता पस्तीस-छत्तीस असेल. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील बँकेच्या बदलीवर उज्जैनला आले आणि त्याच वर्षी ती माझ्या पत्नीकडे नाच शिकायला लागली. आता संस्था तीच चालवते. संस्था म्हणजे नृत्यनाटिका करणारी वीस-बावीस माणसं. इथे नृत्यनाटिकेला नृत्यनाटिका कोणी म्हणत नाही, सगळे बैले म्हणतात. आम्ही घरातही तेच म्हणायचो.

यादीत चार बैले होते. वर दोन जुने, शास्त्रीय बाजाचे. खाली दोन नवे. नव्यांपैकी एक बस स्टँडवर थांबलेल्या माणसांचा होता, आणि दुसऱ्याला गोष्टच नव्हती. जुन्यांतला एक पुराणकथेवरचा, तो दोन-तीन वर्षांनी होतोच. दुसरा क्षिप्रेवरचा. तो माझ्या पत्नीने स्वतः बसवला होता आणि गेली पंधरा-सोळा वर्षं झालेला नव्हता. सीझनचा पर्चा छापायचा होता. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, त्यामुळे पर्च्याचा मजकूर लिहिण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे आहे. ती त्यासाठीच आली आहे असं मला वाटलं.

चहा होईपर्यंत ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली की नदीच्या बैलेचं तिसरं दृश्य कोणालाच येत नाही.

तिसरं दृश्य उन्हाळ्याचं. नदी आटली आहे आणि रंगमंचावर माझी पत्नी एकटी. बाकीचे सगळे, ही मुलगीसुद्धा, तेव्हा आत चौथ्या दृश्याचे कपडे बदलत असत, आणि त्याची तालीम पत्नी सगळे गेल्यावर एकटीच करायची. पहिल्या संचात नावाडी झालेला एक जण अजून संस्थेत येतो. देवास गेटजवळ त्याचं रेडिमेड कपड्यांचं दुकान आहे, आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर संस्थेचा हॉल. तिने त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, "तीसरा सीन? उस टाइम तो मैं पगड़ी बाँध रहा था. आज तक ठीक से नहीं बँधी." व्हिडिओची एक कॅसेट होती, तिला बुरशी लागली. पत्नी कागदावर काही लिहून ठेवत नसे. उन्हाळ्यात शिकवीन, असं तिने या मुलीला सांगितलं होतं, आणि फाल्गुनातच ती गेली.

"पण काका, तुम्ही होतात ना," ती म्हणाली. "प्रत्येक शोला विंगेत टेपवर तुम्हीच. ताई तुमच्यापासून दहा फुटांवर नाचत होत्या."

होतो. पण मी नाचाकडे बघत नव्हतो, हे तिला त्याच वेळी सांगायला हवं होतं. शोच्या वेळी माझी नजर टेपच्या काउंटरवर असायची. कुठल्या आकड्याला टेप थांबवायची आणि कुठे परत लावायची, हे चुकलं असतं तर सगळ्यांचंच चुकलं असतं. दोन आकड्यांमध्ये वेळ असला की मांडीवर पुस्तक असायचं. तालमींना तर पुस्तकच. पत्नीला गाडी चालवता येत नसे, म्हणून कॉलेज सुटलं की मी स्कूटर घेऊन हॉलवर जायचो आणि तालीम संपेपर्यंत कोपऱ्यात वाचत बसायचो. अशी सव्वीस वर्षं गेली. लोक म्हणायचे, किती साथ देतात. ते खरंही होतं, एका अर्थी.

तिने मोबाइल व्हिडिओ घ्यायला तयार धरला होता. मला लाज वाटली. म्हणालो, "थोडं आठवतंय."

आणि मी सांगायला लागलो. ती खाली बसायची, म्हणालो. आटलेल्या पात्रात बायका वाळू उकरून पाणी शोधतात तशी दोन्ही हातांनी वाळू उपसायची. मग ओंजळ वर यायची, रिकामी, आणि ती रिकामी ओंजळ ती कपाळाला लावायची. बोलता बोलता मी स्वतःचे हात वर नेले. वाळू उकरणाऱ्या बायका मी कुठल्याशा प्रवासवर्णनात वाचल्या होत्या. ओंजळ कपाळाला लावणं तर त्याच क्षणी सुचलं. तिने सगळं मोबाइलमध्ये घेतलं आणि जाताना मला वाकून नमस्कार केला.

पुढचे काही दिवस मला स्वतःलाच वाटायला लागलं की ते तसंच होतं. पत्नीचा चेहरा त्या ओंजळीच्या मागे दिसायला लागला. इतक्या महिन्यांत ती इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती.

दहा-बारा दिवसांनी रविवारी दुपारी तिने मला तालमीला बोलावलं. घरून, म्हणजे फ्रीगंजहून, ऑटोने गेलो. स्कूटर आता मी काढत नाही. हॉलमध्ये सगळे भिंतीला टेकून बसले होते. तिने तिसरं दृश्य केलं. चांगलं केलं. तिने ओंजळ कपाळाला लावली तेव्हा पहिल्या संचात घाटावरची बाई झालेली एक पोक्त नर्तकी रडायला लागली. "हूबहू दीदी," ती शेजारणीला म्हणाली, "एकदम दीदी." कपड्याच्या दुकानाचा मालक जिना चढून वर आला होता. तो दारातूनच म्हणाला, "यही था. यही तो था." त्या वेळी तो आत पगडी बांधत होता, याची त्याला आठवण राहिली नाही.

माझ्या डोळ्यांपुढची खरी पत्नी तर मीच पुसली होती. आता या माणसांच्या आठवणीतही माझी पत्नी मी रचलेलं नाचणार होती. निघताना मुलीने पर्च्याचं विचारलं. नदीचा बैले वरच्या दोनांत, आणि त्यापुढे 'मूळ रचनेप्रमाणे' असं लिहा, म्हणाली. पाच दिवसांत प्रेसला द्यायचा होता.

तीन दिवस कागद टेबलावर पडून राहिला. घरात आता बोलणं होत नाही. सकाळी दूधवाल्याशी होईल तेवढंच. त्यामुळे एखादी गोष्ट डोक्यात आली की तिला अडवणारं कोणी नसतं. मी तिचे हात आठवायला बसलो. पोळी उलटणारे आठवले. अंबाडा घालताना दातांत पिन धरून मागे गेलेले आठवले. स्कूटरवर माझ्या डाव्या खांद्यावरचा हात आठवला, स्पीड ब्रेकर आला की तो घट्ट व्हायचा. दवाखान्यातले, सुई लावलेले आठवले. रंगमंचावरचे आठवले नाहीत. एकदाही नाहीत. त्या हातांसाठी माणसं तिकीट काढून येत होती.

चौथ्या दिवशी सकाळी हॉलवर गेलो. ती एकटीच होती, फरशी पुसत होती. मला बघून तिने खुर्ची ओढली, पण मी बसलो नाही.

"ते हात मी रचले," मी म्हणालो. "तुझ्या ताईंचे नाहीत."

"म्हणजे?"

"मी कधी बघितलंच नाही. माझं लक्ष आकड्यावर असायचं. नाहीतर पुस्तकात."

ती पुसण्याचं फडकं हातात धरून तशीच खाली बसली. ती चिडेल असं वाटलं होतं. पण तिने फडकं बादलीत पिळलं.

"ताई म्हणायच्या," ती म्हणाली, "आमच्या घरचा माणूस पुस्तकात राहतो, हॉलवर फक्त त्याची चप्पल येते. आम्ही हसायचो. मला वाटायचं मस्करी करतात."

पत्नीला माहीत होतं तर. सव्वीस वर्षं स्कूटरवर मागे बसून, खांद्यावर हात ठेवून ती घरी येत होती आणि तिला माहीत होतं. तिने मला कधी विचारलं नाही, आजचं कसं झालं म्हणून. मी त्याला तिचा समजूतदारपणा समजत होतो.

मुलीने सांगितलं की पर्चा उद्या जायला हवा. तिसरं दृश्य नसेल तर नदीचा बैले यादीतून काढावा लागेल, मधलंच गाळून तो करता येत नाही. मग, काहीतरी विचारायचं म्हणून असेल, तिने विचारलं की टेप कुठे थांबायची.

"दोनशे चौदाला," मी म्हणालो.

तिथे संगीत बंद. नदीत थेंब नाही म्हणून आवाज नाही. त्याआधी पत्नी घुंगरू सोडून ठेवायची, आणि मग मिनिटभराहून जास्त वेळ नुसती तिची पावलं. शेवटचा टाचेचा ठोका पडला की मला टेप लावायची असे. उशीर झाला तर ती मोकळीच उभी राहणार. म्हणून तेवढा वेळ मी पुस्तक मिटायचो, डोळेही मिटायचो आणि श्वास धरून ऐकायचो.

हे सांगता सांगता मी टेबलाच्या फळीवर तळवा ठेवला आणि ती पावलं वाजवली. पहिली चार सावकाश, पाय पोळल्यासारखी अर्धवट पडणारी. मग एक लांब थांबा. मग टाचा. मला वाटलं होतं मध्ये कुठे तरी अडेन, पण अडलो नाही. शेवटच्या ठोक्याला माझा दुसरा हात आपोआप पुढे गेला, बटण दाबायला.

ती उठून जवळ आली होती. "हात कुठे असायचे?"

"माहीत नाही."

"नजर?"

"माहीत नाही, बेटा."

"पुन्हा वाजवा," ती म्हणाली.

मी दुपारपर्यंत वाजवत राहिलो. संध्याकाळी सगळे जमल्यावर तिने सरळ सांगून टाकलं की रविवारी जे केलं ते दीदींचं नव्हतं, काकांचा गैरसमज झाला होता. गैरसमज हा शब्द तिने माझ्यासाठी वापरला. रडलेली बाई खाली बघत राहिली. दुकानदार म्हणाला, "मुझे तो उसी दिन लगा था," आणि दोघं-तिघं हसले, त्यामुळे बरं झालं.

मग मी फळीवर वाजवलं आणि ती नाचली. या वेळी मी बघितलं. पायांत एक ठोका उशिरा आला तो सांगितला, तिने तो दुरुस्त केला. हात तिने जवळजवळ हलवलेच नाहीत. पोटाशी धरून ठेवले, दुखणाऱ्या माणसाने धरावेत तसे, आणि शेवटच्या टाचेला फक्त सोडले. पत्नीचे असेच असायचे की अगदी वेगळे, ते सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

ती घाम पुसत माझ्या शेजारी येऊन बसली. पर्च्याचा कागद माझ्या खिशात होता, तो काढला.

"कुठे लिहू?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा काका."

"नव्यांत जाऊ दे."

"पण पावलं ताईंची आहेत."

तसं लिहितो म्हणालो. नदीच्या बैलेपुढचं 'मूळ रचनेप्रमाणे' खोडलं. तिसऱ्या दृश्यापुढे तिचं नाव घातलं, आणि त्याखाली लहान अक्षरांत, पावलं पहिल्या रचनेतली, हात या वर्षीचे. मग बैलेचं नाव वरून काढून खाली लिहिलं. वर एकच राहिला, खाली तीन झाले. तिने वाचलं, मान हलवली आणि कागद घडी करून घेऊन गेली.